नाशिकची ट्राम आणि मॅनिफोल्डची वाट

नाशिकचे जुने गावठाण आणि नाशिकरोड स्थानक यांच्यात आठ-नऊ किलोमीटरांचे अंतर आहे आणि शहराच्या वाहतुकीचा बराचसा इतिहास या अंतरानेच घडवला आहे. थळ घाट चढून इगतपुरीहून मनमाडकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचा मार्ग, गोदावरीकाठच्या वस्तीत न शिरता तिच्या आग्नेयेकडून निघून गेला. त्यामुळे रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूला आगगाडीतून उतरल्यावरही प्रवासाचा एक टप्पा उरतच असे. एखाद्या गावाला जाणारा रस्ता ज्या स्थानकापासून फुटतो, त्या स्थानकाच्या नावाला ‘रोड’ हा शब्द जोडण्याची रेल्वेची पद्धत होती. नाशिकरोड आणि बार्शीरोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ही दोन्ही नावे त्या पद्धतीतून आली. या दोन ‘रोड’ स्थानकांपासून पुढचे अंतर तोडण्याचे काम एकाच अभियंत्याकडे आले आणि त्यानेच पुढे इंग्लंडमध्ये बांधलेला एक छोटा लोहमार्ग आज सायकलस्वारांची व पायी चालणाऱ्यांची वाट म्हणून ओळखला जातो. बंद पडलेल्या लोहमार्गाचे पुढे काय होते, या प्रश्नाचा विचार नाशिकपासून सुरू करणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला. मुख्य लोहमार्गापासून दूर राहिलेल्या बाजारपेठांना स्वस्त जोडमार्गांनी मुख्य मार्गाशी जोडावे, या कल्पनेने त्याला लवकरच झपाटले. जोडमार्ग म्हणजे मोठ्या मार्गाला प्रवासी व माल आणून देणारा उपमार्ग. असा मार्ग परवडायचा असेल तर रूळ हलके हवेत, वळणे घेता यावीत म्हणून रुळांमधले अंतर कमी हवे आणि प्रत्येक आसावर येणारे वजन सर्व डब्यांत व इंजिनांत सारखे विभागलेले हवे, असे त्याचे गणित होते. भारतातील रुंदमापी मार्गावर दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते, तर कॅल्थ्रॉपने त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे अडीच फूट किंवा ७६२ मिलिमीटर अंतर पसंत केले. बार्शी लाइट रेल्वेसाठी त्याने आसामागे पाच टनांची मर्यादा ठरवली. १८९७ मध्ये बार्शीरोड ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे तिचे फाटे लातूर, पंढरपूर व मिरजेपर्यंत पोहोचले. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना ती ‘बार्शी लाइट’ म्हणूनच माहीत होती.

नाशिकची ट्राम बार्शी लाइटच्याही आधीची. १८८९ मध्ये सुरू झालेल्या या ट्रामसाठी कॅल्थ्रॉप हा सल्लागार अभियंता होता आणि तिचे रूळही अडीच फुटी मापाचेच होते. मेनरोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत ती धावे. सुरुवातीच्या काळात दोन डबे आणि ते ओढणारे चार घोडे असा तिचा सरंजाम होता, तर पुढे पेट्रोलवर चालणारे इंजिनही आले. शहर आणि स्थानक यांच्यामधला भाग तेव्हा झाडीचा व निर्मनुष्य होता. उपनगरे, कारखाने, छापखाने आणि वसाहती यांनी आज गजबजलेल्या या पट्ट्याची कल्पना त्या काळच्या ट्राममधील प्रवाशाला करता आली नसती. दुष्काळ आणि प्लेगच्या साथींनी प्रवासी घटत गेले, तोटा वाढत गेला आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ट्राम बंद पडली.

भारत सोडल्यानंतरही कॅल्थ्रॉपने अडीच फुटी मापाचा आग्रह सोडला नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यातून वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा सुमारे तेरा किलोमीटरांचा ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ हा मार्ग त्याच्या सल्ल्याने बांधला गेला आणि १९०४ मध्ये खुला झाला. त्याची इंजिने बार्शीच्या इंजिनांच्या धर्तीवर बनवली होती आणि त्यांतल्या एकाला कॅल्थ्रॉपचेच नाव होते. महाराष्ट्राच्या पठारावर तयार झालेला अनुभव एका इंग्रजी दरीत कामी आला, ही बाब मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे, कारण वसाहतीच्या काळातील तंत्रज्ञानाचा प्रवास बहुधा उलट दिशेनेच सांगितला जातो. मॅनिफोल्डचा मुख्य धंदा दुधाचा होता. खोऱ्यातली खेडी वर डोंगरावर आणि स्थानके खाली नदीकाठी असल्याने प्रवासी मुळातच थोडे होते. १९३२ मध्ये एक्टन येथील दूधप्रक्रिया केंद्र बंद झाले आणि मार्च १९३४ मध्ये गाड्याही थांबल्या.

इथपर्यंत दोन्ही मार्गांची कहाणी जवळजवळ सारखी आहे: एकच अभियंता, एकच माप, दहा किलोमीटरांच्या मागेपुढे लांबी आणि एक ते तीन वर्षांच्या अंतराने आलेला शेवट. पुढचा भाग मात्र अगदी वेगळा आहे. मॅनिफोल्डचे रूळ उचलल्यावर ती जमीन स्टॅफर्डशायरच्या परगणा परिषदेकडे आली. परिषदेने तिच्यावर डांबर अंथरले आणि १९३७ मध्ये ती पादचाऱ्यांसाठी खुली केली. आज ‘मॅनिफोल्ड वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाटेवरून सायकली, लहान मुलांच्या ढकलगाड्या आणि चाकांच्या खुर्च्याही जातात. स्वेन्सली येथील सुमारे दीडशे मीटरांचा जुना बोगदा अजून वापरात आहे आणि त्याच्यासह वाटेचा एक टप्पा मोटारींनाही मोकळा असल्याने तिथे सायकलस्वाराला सावध राहावे लागते. बंद लोहमार्गाचे जाणीवपूर्वक वाटेत रूपांतर करण्याच्या जगातील सर्वांत जुन्या उदाहरणांत तिची गणना होते. नाशिकच्या ट्रामचे रूळही निघाले, पण त्यांच्यामागे वेगळी अशी कोणतीच पट्टी उरली नाही.

या फरकाचे मूळ जमिनीच्या मालकीत आहे. ट्राम हे स्वरूपतःच रस्त्याचा आश्रय घेणारे वाहन आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८६ चा ट्रामवे कायदा झाला तो सार्वजनिक रस्त्यांवर रूळ टाकण्याची परवानगी देण्यासाठीच, आणि ट्राम कंपनीला त्यातून मिळत असे तो रस्त्याच्या वापराचा हक्क. ट्राम थांबली की तो हक्क संपतो आणि रस्ता पुन्हा अखंड होतो. लोहमार्गाला मात्र स्वतःची जमीन लागते. बांध, खोदाई, मोऱ्या, पूल आणि दोन्ही बाजूंचे कुंपण यांच्यासह एक लांबच लांब, अरुंद, सलग मिळकत त्याच्यासाठी तयार होते आणि गाडी थांबली तरी ती मिळकत नकाशावर राहते. शहर वाढत असताना अशी सलग पट्टी नव्याने मिळवणे जवळजवळ अशक्य असते, कारण तिच्यासाठी शेकडो मालकांच्या जमिनीचे तुकडे घ्यावे लागतात. लोहमार्ग बांधणाऱ्यांनी ते कष्टाचे काम शतकापूर्वीच करून ठेवलेले असते.

या पट्टीचे दुसरे मोल तिच्या चढात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फारच कमी घर्षणाने फिरते. त्यामुळे गाडी थोड्या शक्तीत ओढता येते, पण त्याच कारणाने चढावर चाके घसरतात, म्हणून लोहमार्गाचा अभियंता चढ शक्य तितका सौम्य ठेवतो. थळ घाटात ३७ मीटर अंतरामागे एक मीटर असा चढ आहे आणि तो भारतीय मुख्य मार्गांवरील सर्वांत तीव्र चढांपैकी मानला जातो. तो चढताना गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने लावावी लागतात. मैदानी मार्गावर शंभर किंवा अधिक मीटरांमागे एक मीटर एवढाच चढ सामान्यतः असतो, जो पायी चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही आणि साठीतल्या सायकलस्वारालाही दमवत नाही. मोठ्या त्रिज्येची वळणे आणि रस्त्यांना मोजक्याच ठिकाणी छेदणे हे आणखी दोन गुण. एखाद्या नगररचनाकाराला कोऱ्या कागदावर सायकलमार्ग आखायला सांगितले तर तो ज्या गोष्टी मागेल, त्या बहुतेक सर्व इथे आयत्या मिळतात.

रूपांतराचे तंत्र त्यामानाने साधे आहे, पण त्यात घाई चालत नाही. रूळ आणि स्लीपर काढल्यावर खाली खडीचा थर उरतो. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना लावलेले क्रिओसोट हे डांबरजन्य रसायन, इंजिनांतून गळलेले तेल आणि तणनाशके यांचे अंश त्या थरात मुरलेले असू शकतात, म्हणून मातीची तपासणी आधी करावी लागते. नंतर खडी सारखी करून तिच्यावर बारीक खडी व कच पसरतात, रोलरने दाबतात आणि गरजेप्रमाणे डांबर किंवा काँक्रीट टाकतात. सायकल आणि पादचारी दोघांनी एकत्र वापरायची वाट साधारण तीन मीटर रुंद असावी लागते. पुलांवर नवा तळ आणि कठडे, बोगद्यांत दिवे आणि जिथे रस्ता आडवा येतो तिथे वाहनांचा वेग उतरवणारी रचना, हे पुढचे काम. दख्खनच्या पठारावर याहून अधिक काळजी पाण्याच्या निचऱ्याची घ्यावी लागेल. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जुन्या मोऱ्या गाळाने बुजू दिल्या तर चांगला दाबलेला मुरूमही दोन पावसाळ्यांत खचतो.

जगात हा विचार पसरायला मॅनिफोल्डनंतर बरीच वर्षे जावी लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ किलोमीटरांचा बंद मार्ग घेऊन त्याची सायकलवाट केली. १९८३ मध्ये तिथल्या संघीय कायद्यात ‘रेलबँकिंग’ची तरतूद आली. बंद होणारा मार्ग तुकड्यांनी विकून न टाकता त्याची पट्टी सलग राखावी, तोवर ती वाट म्हणून वापरावी आणि पुढे कधी गरज भासल्यास तिथे पुन्हा रूळ टाकण्याचा हक्क कायम ठेवावा, असा तिचा अर्थ. सिंगापूरमध्ये मलेशियाच्या रेल्वेची गाडी ३० जून २०११ रोजी शेवटची धावली, जमीन सिंगापूरकडे आली आणि सुमारे २४ किलोमीटरांची ती पट्टी आज शहराच्या मधोमध हिरवी वाट म्हणून राखली आहे. दाटीवाटीच्या आशियाई शहरात, जिथे जमिनीचा भाव सोन्याचा आहे, तिथे हा निर्णय घेतला गेला, हे विशेष.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयत्न रेल्वेच्या नव्हे तर पाण्याच्या जमिनीवर झाला. मुंबई महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या बाजूने ३९ किलोमीटरांच्या सायकल व पादचारी मार्गाची ‘हरित वारी जलतीरी’ ही योजना आखली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्या मोकळ्या पट्टीचे काय करायचे, या प्रश्नाला हे उत्तर दिले गेले. त्या मोकळिकीसाठी ज्यांची घरे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वाटेच्या हिशोबातून वगळता येणारा नाही, आणि बंद लोहमार्गाच्या कडेने वसलेल्या कोणत्याही वस्तीबाबत तो पुन्हा उभा राहील. विदर्भातील शकुंतला रेल्वेचा पेच वेगळा आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या सुमारे १९० किलोमीटरांच्या या अरुंदमापी मार्गावरील गाड्या थांबल्या असल्या तरी तिथल्या लोकांना वाट नको आहे, गाडी हवी आहे, आणि त्यांची मागणी रास्त आहे. गरीब प्रवाशाची स्वस्त गाडी काढून त्या जागी शहरी पाहुण्यांसाठी सायकलमार्ग करणे हा अन्याय ठरेल. तेथे पट्टी सलग राखण्याचा रेलबँकिंगचा विचारच उपयोगी आहे.

सायकल ही नाशिककरांना नवी नाही. नाशिकचे महाजन बंधू, म्हणजे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, यांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची स्पर्धा दोघांच्या चमूत पूर्ण केली. या शहरातून पंढरपूरला सायकलवारी जाते. असे असून शहरात सायकलीसाठी राखलेली जागा फार थोडी आहे. स्मार्ट सिटी योजनेत त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या रस्त्यावर सायकलमार्ग करण्यात आला, पण त्या रस्त्याची लांबी सुमारे १.१ किलोमीटर एवढीच आहे. शहर आणि नाशिकरोड यांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्यावर अवजड वाहनांच्या शेजारून सायकल चालवणे हे धाडसाचेच काम आहे. २०२१–२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे अंतरही जोडणाऱ्या मेट्रोचा २,०९२ कोटी रुपयांचा प्रस्ताव आला. रबरी टायरांवर उन्नत मार्गावरून धावणारी ही ‘निओ’ मेट्रो बांधली गेली नसली तरी, १८८९ मध्ये जे अंतर ट्रामने जोडले गेले, ते आजही नियोजनकारांपुढचे पहिले अंतर आहे, एवढे त्यातून कळते.

सिंहस्थात तर हे अंतर लाखो माणसे पायांनी मोजतात. वाहने शहराच्या सीमेवर थांबवली जातात आणि तिथून रामकुंडाकडे चालणाऱ्यांचे लोंढे निघतात. त्या चालण्याला सावलीची, पाण्याची आणि वाहनांपासून वेगळी अशी पट्टी कधी मिळालेली नाही, दर बारा वर्षांनी ती रस्त्यावर बांबूच्या कठड्यांनी तात्पुरती आखली जाते. ट्रामचा मार्ग परत मिळणार नाही. तो रस्त्यात विरघळला आहे आणि त्याच्या शोधात रस्ता खणण्यात अर्थ नाही. मात्र त्याच रस्त्याच्या पुढच्या रुंदीकरणात किंवा मेट्रोच्या खांबांची जागा ठरवताना एका कडेला तीन मीटरांची सलग पट्टी, कुठल्याही चौकात न तुटणारी, कायदेशीर नोंदीसह राखता येईल. तिची नोंद सायकलमार्ग म्हणून स्वतंत्र झाली नाही, तर ती ट्रामच्या रुळांप्रमाणेच वाहनतळ आणि दुकानांच्या पायऱ्या यांच्याखाली गडप होईल.

हल्म एंड येथे जुन्या स्थानकाच्या जागी आज पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे आणि वाट तिथून सुरू होते. नाशिकरोडला स्थानकाबाहेर रिक्षा आणि शहर बसगाड्या उभ्या असतात, आणि पिवळ्या फलकावर गावाच्या नावापुढे अजून ‘रोड’ हा शब्द आहे.