माडगे, कट आणि कढण : काही रूढ समजुतींची झाडाझडती

चिनी आहारचिकित्सेतील पौष्टिक सारांचे जे कौतुक हल्ली आपल्याकडे कानी पडते, त्याच्या मुळाशी बहुधा अशी एक प्रांजळ समजूत असते की ही सारे जात्याच शाकाहारी आहेत आणि आपल्या मुलखात त्यांच्या तोडीचे काही नाही. वस्तुतः या समजुतीचे दोन्ही भाग टिकण्यासारखे नाहीत. युआन बादशहांच्या दरबारी आहारवैद्य हू सिहुई याने १३३० साली सिद्ध केलेल्या पथ्यग्रंथात मेंढीच्या मांसाची रेलचेल आहे; निर्मांस सारांची जोपासना विशेषेकरून बौद्ध मठांच्या भटारखान्यांत झाली. राहिला आपला मुलूख. आयुर्वेदाच्या ग्रंथकारांपैकी शार्ङ्गधराने तांदळाच्या चौदापट पाण्यात मंड, म्हणजे शितांविरहित पेज, सिद्ध करण्यास सांगितले आहे, चरकाने अठ्ठावीस यवागू, म्हणजे पेजा, नोंदल्या आहेत, आणि वमन-विरेचनादी शोधनकर्मानंतर रुग्णाचा अग्नी पूर्ववत व्हावा म्हणून आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग मीठ-फोडणीविरहित अकृतयूष (कडधान्याचे साधे सार) आणि त्यानंतरच संस्कारित कृतयूष असा जो क्रम वैद्यांनी घालून दिला, तो शुद्धी उत्तम झाली असता सात दिवस पाळावयाचा असतो.

पदार्थाचे शीतत्व किंवा उष्णत्व म्हणजे त्याचे तापमान, हा भ्रमही असाच दूर केला पाहिजे. चिनी माणूस भर उन्हाळ्यात मुगाचे सार शीत म्हणून पितो, आणि आपल्या वैद्यांनीही मूग शीत व लघु मानला. ते सार वाफाळत प्याले म्हणून त्याचा गुण बदलत नाही. या साम्यावरून एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे मात्र सिद्ध होत नाही.

आता हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, माडग्याकडे वळू. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळत असता त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यास जेमतेम पाचशेच्या आतबाहेर पावसावर निर्वाह करावा लागतो, आणि सांगलीकडील आटपाडी, जत या तालुक्यांची हकीकत निराळी नाही. अशा पर्जन्यछायेच्या हलक्या जमिनीत कमी ओलीवर तग धरणारे हे कडधान्य घोड्यांच्या चंदीत जसे गेले तसेच माणसांच्या चुलीवरही आले. भाजून भरडलेले हुलगे पाण्यात शिजवून, कोठे गूळ व सुंठ घालून तर कोठे लसूण, जिरे व मीठ घालून, माडगे करतात. घोड्याचे खाद्य, सबब गरिबाचे अन्न, सबब निःसत्त्व, अशी जी पायरी-पायरीने उतरणारी मांडणी सुखवस्तू घरांत होते, तिच्यात मला विचारापेक्षा प्रतिष्ठेचाच भाग अधिक दिसतो. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि २५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते; भाताची कॅल्शियमच्या बाबतीत याच्याशी बरोबरीच नाही. तथापि वाटीभर माडग्यास पीठ लागते पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिने मिळतात पाचेक ग्रॅम. तेवढ्यावर दिवसाची गरज भागत नाही. त्यातील लोह अंगी लागावे म्हणून खारट माडग्यावर लिंबू पिळणे मात्र शहाणपणाचे आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते.

सगळे सत्त्व पाण्यात उतरते आणि खाली उरतो तो चोथा, ही समजूत सर्वांत चिवट. पुरणाची डाळ शिजवून जो कट काढतात त्यात पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वे, क्षार आणि थोडी प्रथिने येतात हे खरे, आणि म्हणूनच तो ओतून न देता त्याची आमटी करण्याचा आपल्याकडील दस्तूर उत्तम आहे. परंतु प्रथिनांचा मुख्य ऐवज डाळीतच राहतो. हाडांचा रस्सा कॅल्शियमचा खजिना समजणाऱ्यांचीही अशीच फसगत होते, कारण हाडातील कॅल्शियम उकळल्याने रश्श्यात फारच थोडे उतरते.

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून ती सारात जितकी अधिक तितके आरोग्य अधिक, असा हिशेब कोणी मांडू नये. तिच्यातील कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. फोडणीत चिमूटभर हळद टाकणाऱ्या गृहिणीची रीत त्या मानाने अधिक शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल.

राहता राहिला मुतखडा. हुलग्याच्या कढणाने, म्हणजे हुलगे उकळून काढलेल्या पाण्याने, खडा विरघळून पडतो असे सांगणारे लोक आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा दाखला देतात, आणि अश्मरी (मुतखडा), श्वास (दमा), पीनस (पडसे), कास (खोकला) व अर्श (मूळव्याध) यांवर हुलगा उपयोगी असल्याचे वाग्भटाने खरोखरच म्हटले आहे. परंतु त्याच ठिकाणी तो हुलग्यास पित्त व रक्त यांचा अतिशय प्रकोप करणाराही म्हणतो, हा उत्तरार्ध ते सोयीस्करपणे गिळतात. कढणाच्या निमित्ताने पोटात जे भरपूर पाणी जाते त्याने मूत्र पातळ होते व नवे खडे बनण्याचा संभव घटतो, लहानसा खडा आपोआप पडूनही जातो, आणि श्रेय मात्र हुलग्याच्या पदरी पडते. मूत्रमार्गात अडकलेला मोठा खडा कढणाने हलत नाही. लघवी अडली, ताप भरला किंवा लघवीतून रक्त गेले तर चुलीपाशी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ज्याचे मूत्रपिंडच दुर्बल झाले आहे त्यास कडधान्यांतील पोटॅशियम व प्रथिने बाधण्याचा संभव असल्यामुळे, त्याने माडग्याची वाटीदेखील डॉक्टरांस विचारूनच घ्यावी.