कापडाची किंमत कुठे ठरते?

भांडवलशाही, चंगळवाद, विचारप्रणाली हे शब्द वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. आपल्यातील पुष्कळ व्यापारी बंधू ते पाहून पान उलटतात, कारण हा प्रोफेसर लोकांचा विषय आहे असा त्यांचा समज असतो. उर्दूत भांडवलशाहीला सरमायादारी म्हणतात. आमच्या पिढीने उर्दू शाळेत हा शब्द पाठ केला, पण दुकानाच्या गल्ल्याशी जोडून तो कुणी समजावला नाही. वास्तविक या विषयावर लिहिणाऱ्या मोठ्या विचारवंतांपैकी कितीतरी जणांनी उदाहरण घेतले ते कापडाचेच. तेव्हा कापडवाल्याला तो इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. समजण्याची गरजही आहे. विणकराची मजुरी, लहान दुकानदाराचा धंदा आणि लग्नाच्या बस्त्यापायी घरावर होणारे कर्ज या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

पैशातून माल, मालातून पैसा

अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश पंडिताचा 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ १७७६ साली निघाला. मजुराच्या अंगावरचा साधा लोकरी कोट तयार व्हायला मेंढपाळ, पिंजणारा, कातणारा, रंगारी, विणकर अशा असंख्य हातांची मदत लागते, हे त्याने पहिल्याच प्रकरणात दाखवले. यातील कुणीही उपकार म्हणून काम करत नाही. प्रत्येक जण आपल्या फायद्यासाठी राबतो आणि त्यातून सर्वांची गरज भागते, असे त्याचे म्हणणे.

कार्ल मार्क्सने १८६७ साली 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याची सुरुवातच वीस वार लिनन बरोबर एक कोट या हिशेबाने होते. त्याचा मित्र एंगल्स मँचेस्टरच्या सूत गिरणीत भागीदार होता, त्यामुळे गिरणीचा आतला व्यवहार मार्क्सला घरबसल्या कळत असे. त्याचा एक मुद्दा आपल्या रोजच्या धंद्यातला आहे. विणकर ताका विकतो, पैसे घेतो आणि त्या पैशाचे पीठ-मीठ आणतो. त्याच्यासाठी पैसा हे मधले साधन आहे. व्यापारी किंवा कारखानदार पैसा घालून माल घेतो आणि जास्त पैसा यावा म्हणून तो विकतो. पोट भरले की विणकराची गरज संपते, पण वाढणाऱ्या पैशाला 'आता पुरे' असे ठिकाण नसते. या न थांबणाऱ्या चक्राला मार्क्स भांडवल म्हणतो.

लेबल दिसते, लूम दिसत नाही

मार्क्सचा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. बाजारात वस्तू आली की तिच्यामागचा माणूस दिसेनासा होतो. किंमत हा जणू त्या वस्तूचाच गुण आहे असे गिऱ्हाइकाला वाटू लागते. मार्क्सने याला वस्तूची पूजा मांडण्याची उपमा दिली.

मालेगाव आणि भिवंडी ही आपली यंत्रमागाची गावे घ्या. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी तेथे हातमाग रोवले आणि पुढे त्यांचे पॉवरलूम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर अनेक गिरण्या नीट उभ्या राहिल्याच नाहीत आणि त्यांचे पुष्कळ काम भिवंडीसारख्या गावांकडे वळले. तेथे बहुतेक लूमवाले स्वतःचा माल विकत नाहीत. सूत व्यापाऱ्याचे असते आणि लूमवाला मजुरीवर विणून देतो.

केवळ हिशेब समजावा म्हणून आकडे धरू. समजा एक साडी सूत, रंग, वीज, मजुरी धरून ४०० रुपयांत तयार झाली. साध्या दुकानात ती ७०० ला गेली. तीच साडी काचेच्या शोरूममध्ये, चांगल्या खोक्यात, नावाचे लेबल लावून २,००० ला गेली. धागा तोच, पन्हा तोच, विणणारा हातही तोच. वरच्या १,३०० रुपयांतील काही भाग जागेच्या भाड्याचा, काही जाहिरातीचा आणि बाकी नावाचा. मजुराच्या हातात मात्र दोन्ही वेळा सारखीच रक्कम पडते. म्हणून किंमतीचा एक भाग लूमवर ठरतो, दुसरा दुकानात ठरतो आणि तिसरा गिऱ्हाइकाच्या मनात. गेल्या सव्वाशे वर्षांतील विचारवंतांनी जास्त अभ्यास केला तो या तिसऱ्या भागाचा.

पुण्याचा पुरावा

मनात ठरणारी किंमत म्हणजे काय, हे समजायला आम्हा शनिवार पेठेतील लोकांना लांब जावे लागत नाही. या पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद असे सांगतात. १७३० साली येथे शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. त्याआधी १७२० मध्ये पहिल्या बाजीरावांना शाहू छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली. पद मिळाले याला मराठीत वस्त्रे मिळाली असेच म्हणत. मोगल दरबारात यालाच खिलत म्हणत. म्हणजे कापड हे हुद्द्याचे निशाण होते आणि ते बाजारात विकत मिळत नव्हते.

पुढे इंग्रजांचे राज्य आले आणि मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने आपल्या विणकरांचे हाल केले. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी स्वदेशी मालाची दुकाने काढायला लावली. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातच्या सुताचे कपडे घालून गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले की इंग्रजांचे अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सरसकट लागू पडत नाहीत. खुल्या व्यापाराचा नियम निसर्गाचा आहे असे इंग्रज सांगत. तो नियम त्यांच्या फायद्याचा होता, हे रानड्यांनी ओळखले. विशिष्ट वर्गाच्या सोयीची गोष्ट सर्वांना नैसर्गिक वाटू लागणे, यालाच विचारप्रणाली म्हणतात.

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. तरुण सावरकर त्यात पुढे होते आणि लोकमान्य टिळक हजर होते. फर्ग्युसन कॉलेजने त्याबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड केला. व्यापाऱ्याच्या नजरेने हा प्रसंग पाहण्यासारखा आहे. आदल्या वर्षी जे कापड मिरवण्याचे होते, ते त्या वर्षी लाजेचे ठरले. कापडाचा धागा बदलला नव्हता, अर्थ बदलला होता. जाडेभरडे देशी कापड लोक अभिमानाने घेऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांचा खपही वाढला आणि गिरणीवाल्यांनी भाव चढवले अशी तक्रार तेव्हा बंगालमधून झाली. त्यागाच्या भावनेतूनही कुणाला तरी नफा होतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दिखावा आणि जाहिरात

अमेरिकेच्या थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ साली 'ऐतखाऊ वर्गाचा सिद्धान्त' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात पोशाखावर एक पूर्ण प्रकरण घातले. श्रीमंत माणूस महाग कपडा घेतो तो महाग आहे म्हणूनच, हे त्याचे सूत्र. किंमत उतरवली तर असा माल उलट पडून राहतो. खालचा थर वरच्या थराची नक्कल करतो, मग वरचा थर फॅशन बदलतो. पूर्वी वस्त्रे दरबारातून मिळत, आता ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला काउंटरवर मिळतात. हैसियत विकाऊ झाली, एवढाच फरक.

जर्मनीचा मॅक्स वेबर लिननच्या व्यापाऱ्यांच्या घराण्यातला. १९०४-०५ मध्ये त्याने मांडले की ख्रिस्ती धर्मातील काही प्रोटेस्टंट पंथांची मेहनत, शिस्त आणि साधी राहणी यांतून भांडवल साठले. कमवायचे, पण उडवायचे नाही. आपल्या जुन्या पेढ्यांनाही ही रीत अनोळखी नव्हती. पुढे १९७६ साली डॅनियल बेलने अडचण दाखवली. कारखान्यात भांडवलशाहीला काटकसरी, शिस्तीचा माणूस पाहिजे आणि बाजारात तिलाच उधळा माणूस पाहिजे. दोन्ही माणसे एकाच अंगात बसवायची कशी?

त्याचे उत्तर जाहिरातीने दिले. गॅलब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली लिहिले की आता कारखाना मालाबरोबर मालाची गरजही तयार करतो. त्याआधी, १९४७ साली, होर्कहायमर आणि अ‍ॅडोर्नो यांनी सिनेमा, रेडिओ आणि मासिके यांना संस्कृतीचा कारखाना म्हटले. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले. 'ओन्ली विमल' हे दोन शब्द तेव्हा लहान पोरांच्याही तोंडी होते. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर परदेशी नावे आली आणि आता तर जाहिरात मोबाईलमध्ये, प्रत्येकाच्या हातात आहे. पूर्वी गिऱ्हाईक येऊन विचारी, "कापड टिकेल ना?" आता फोनवरचा फोटो पुढे करून म्हणते, "अस्सेच पाहिजे."

जबरदस्ती नाही, राजीखुशी

इथे प्रश्न येतो की कुणी जबरदस्ती तर करत नाही, मग तक्रार कसली? याचे उत्तर इटलीच्या ग्रामशीने मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत आहे. या वह्या १९२९ ते १९३५ या काळातल्या. सत्ता केवळ दंडुक्यावर टिकत नाही. लोकांची संमती मिळवून, रोजच्या समजुतींत शिरून ती टिकते, असे त्याने दाखवले. फ्रान्सच्या आल्थ्युसेरने १९७० साली शाळा, कुटुंब, वर्तमानपत्र ही अशा समजुती घडवण्याची ठिकाणे म्हणून मोजली. आपल्याकडे हे सर्व तीन शब्दांत सांगता येते: लोक काय म्हणतील? लग्नाचा बस्ता ऐपतीबाहेर जातो तो दुकानदाराने हात पिरगाळला म्हणून नव्हे. व्याह्यांपुढे मान खाली जाईल, या भीतीने जातो. बाप राजीखुशीने सही करतो आणि नंतर दोन-तीन वर्षे हप्ते फेडतो.

दुसरी बाजू

मात्र एवढ्यावरून नवा, चांगला कपडा घेणे म्हणजे फसणे, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. स्मिथनेच लिहिले आहे की त्याच्या काळात लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायला गरीब मजुरालाही लाज वाटे. म्हणजे इज्जतीने राहण्यापुरता कपडा ही गरजच आहे. आपल्या महाराष्ट्रातील दाखला याहून मोठा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितले की जातीची खूण दाखवणारी नेसण आणि तसले दागिने सोडा, इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. जेथे कपड्यावर जातीचा शिक्का होता, तेथे तो बदलणे हा दिखावा नव्हता, माणुसकीचा हक्क होता. गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या स्वस्त कापडाने असंख्य गरिबांना दुसरा जोड मिळाला, हेही खरे आहे. म्हणून कपडा पाहून निवाडा करू नये. तो कुणासाठी आणि कशाच्या बळावर घेतला, हे पाहावे.

आपण काय करावे?

खरेदी करणाऱ्याने तीन भाग वेगळे करून पाहावेत. कापड आणि शिलाईचे किती, दुकानाचे किती, नावाचे किती? नावाचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते खिशातून द्यावेत, कर्जातून देऊ नयेत. बस्त्याचा आकडा दोन्ही घरांनी दुकानात येण्याआधी बसून ठरवावा. काउंटरवर, नातेवाइकांच्या घोळक्यात ठरलेला आकडा नेहमी वरच जातो.

व्यापारी बंधूंना सांगणे असे की मोठ्या नावांशी आपण जाहिरातीत स्पर्धा करू शकत नाही. आपण माहितीत करू शकतो. हा माल मालेगावचा की इचलकरंजीचा, सूत कोणते, रंग पक्का की कच्चा, हातमाग की पॉवरलूम, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगावे. पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून विकू नये. गिऱ्हाईक कर्ज काढून बस्ता घेत आहे असे दिसले तर वरचा थान उलगडण्याऐवजी त्याच्या बेताचा दाखवावा. विक्री त्या दिवशी कमी होईल, पण ते घर ईदला, दिवाळीला आणि पुढच्या लग्नाला आपल्याच दुकानात येईल. लूमवाल्याची मजुरी वेळेवर चुकती करणे हाही याच हिशेबाचा भाग आहे, कारण तो थकला तर आपल्या फडताळात ठेवायला माल येणार नाही.