मदत बूस्टरची, भार पायाचा

न्युरेम्बर्ग हे नाव कानी पडताच आपणा सर्वांच्या मनात १९३५ सालचे ते काळे कायदे व युद्धानंतरचा तो खटला उभा राहतो. ते विसरावे असे आम्ही कोणास कधीच सांगणार नाही. परंतु याच नगरीत १८८६ साली कार्ल मार्श्युट्झ या यहुदी गृहस्थाने सायकलींचा कारखाना काढला, आणि तो पुढे 'हर्क्युलिस' या नावाने प्रसिद्धीस आला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याच वर्षी माक्स फ्रांकेनबुर्गर व माक्स ओटेनस्टाइन या दोघा यहुदी गृहस्थांनी 'व्हिक्टोरिया' कारखान्याचा पाया घातला. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे 'ट्रायम्फ' कंपनी स्थापणारे झिगफ्रीड बेटमान यांचा जन्मही न्युरेम्बर्गचाच, १८६३ सालचा. नाझी राजवटीत मार्श्युट्झ यांच्या हातून कारखाना गेला व त्यांना अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. या नगरीतील चाकांच्या इतिहासावर आपल्या लोकांच्या हातांचे ठसे असे उमटलेले आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी सध्या तेथे नोकरीस असतो. त्याचे आजोबा मुंबईस परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे उतरलो असता त्याने आम्हांस प्रथम आपले गॅरेज दाखविले. तेथे १९५० नंतरच्या दशकातील एक मोटार, अर्धीअधिक उघडलेली, उभी होती. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते आणि बूस्टर मुळीच नव्हता. त्याने पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविण्याचे ठरविले होते. ड्रममध्ये चाक फिरता फिरता ब्रेकचा जोडा स्वतःच ड्रममध्ये अधिक घट्ट रुततो. डिस्कमध्ये ही आपोआप मिळणारी मदत नसते. त्यामुळे तेलाचा दाब वाढवावा लागतो, आणि त्यासाठी बूस्टर हवा.

बूस्टर म्हणजे एक गोल डबा. त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो. इंजिन चालू असता डब्यातील हवा ओढली जाते. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते व पडदा पुढे ढकलला जातो. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला ०.६५ किलोचा फरक धरला तरी सुमारे २०० किलोंचा जोर मिळतो. केवळ हवेच्या बळावर एवढी मदत!

"सर, आजोबा नेहमी व्हॅक्युम ब्रेकच्या गोष्टी सांगत," तो म्हणाला. "हा त्याचाच भाऊ."

आम्ही म्हणालो, "भाऊ खरा, पण उलट्या स्वभावाचा."

रेल्वेच्या त्या ब्रेकमध्ये निर्वात नळीमुळे ब्रेक सुटलेले राहत. नळी तुटली की हवा आत शिरे व गाडी आपोआप थांबे. मोटारीच्या बूस्टरचे तसे नाही. इंजिन बंद पडले वा नळी फुटली, की डब्यात उरलेल्या निर्वातावर पेडल एकदोनदा हलके दाबले जाते. पुढे मदत संपते आणि सारा भार माणसाच्या पायावर येतो. म्हणून पेडल व बूस्टर यांची जागा ठरविताना पहिला प्रश्न असा विचारावा: मदत गेली तर केवळ पायाने ही मोटार थांबेल काय?

त्याने पुठ्ठा व लाकूड यांचा नमुना करून ठेवला होता. जुने पेडल तळाच्या पत्र्याखालून वर येत असे. बूस्टरही खालीच बसविता आला असता. परंतु तेथे धुराड्याची उष्णता, चिखल आणि तेल भरण्याची अडचण. शिवाय मास्टर सिलिंडर चाकांवरील ब्रेकपेक्षा खाली आला की तेल मागे ओघळते, व ते रोखण्यास नळीत निराळी झडप घालावी लागते. म्हणून त्याने पेडल वरून टांगून बूस्टर इंजिनामागील आडव्या पत्र्यावर घेतला. तो पत्रा पातळ असतो. पाय दाबला की पत्राच वाकतो व जोर वाया जातो. यास्तव आतून जाड पट्ट्यांचा आधार दिला होता. पेडलची काडी बूस्टरमध्ये सरळ शिरावी, तिरकी नव्हे, हेही त्याने नीट पाहिले होते.

आता गणित. खिळीपासून पाय ठेवण्याच्या पट्टीपर्यंतचे अंतर ३० सेंटिमीटर आणि खिळीपासून काडीपर्यंतचे ५ सेंटिमीटर असेल, तर २० किलोंचा पाय काडीवर १२० किलो होतो. मात्र काडी अडीच सेंटिमीटर सरकण्यास पेडल १५ सेंटिमीटर खाली जावे लागते. बूस्टर असलेल्या मोटारीत सहास एक हे प्रमाण सामान्यतः चारास एक इतके कमी करतात. पेडलची चाल आखूड होते. त्यानेही चार धरले होते.

आम्ही विचारले, "ही मोटार आणखी कोण चालविणार?"

तो क्षणभर थांबला व त्याने पत्नीस हाक मारली. ती उंचीने लहान. इंजिन बंद ठेवून, पेडल चारपाच वेळा दाबून बूस्टर रिकामा केल्यावर तिने अंगणाच्या उतारावर ब्रेक लावला. मोटार हळूहळू घसरतच राहिली. तिला बैठकीवरून पुढे सरकावे लागले. दुसरे दिवशी खिळीपासून काडीचे अंतर साडेसातवरून सहा सेंटिमीटरवर आणले, प्रमाण पाचास एक झाले, व बैठकीची पट्टीही पुढे घेतली. ब्रेकची पट्टी अॅक्सिलरेटरपेक्षा किंचित उंच ठेवली आणि दोहोंत रुंद बुटाने दोन्ही एकदम दाबली जाणार नाहीत एवढे अंतर राखले. या वेळी मोटार तिच्या पायाने जागच्या जागी थांबली.

तरीही एक चूक राहिलीच. काही किलोमीटर फिरून आल्यावर पेडल दगडासारखे कठीण झाले, चाके तापली, जळका वास सुटला. बूस्टरच्या पुढची काडी व मास्टर सिलिंडरचा दट्ट्या यांत त्याने जराही मोकळीक ठेवली नव्हती. त्यामुळे दट्ट्या पूर्ण मागे येईना, तेलाचे परतीचे छिद्र बंदच राहिले आणि तापून फुगलेल्या तेलाने ब्रेक आवळून धरले. काडी किंचित आखूड करताच दोष गेला. पेडल "घट्ट" असावे या हौसेपायी हे घडले, असे त्याने प्रांजळपणे कबूल केले.

जर्मनीत ब्रेकमधील असा बदल अधिकृत तपासनीसाने पाहून कागदपत्रांत नोंदविल्यावाचून मोटार रस्त्यावर आणता येत नाही. तीस वर्षांहून जुन्या व मूळ रूप राखलेल्या मोटारींस तेथे १९९७ पासून विशेष क्रमांकपट्टी मिळते. तिच्यासाठीही बदल दाखवावे लागतात. काहींना हा जाच वाटतो. आम्हांस मात्र 'की तेत्से' या पाराशेतील आज्ञा आठवली: नवे घर बांधणाऱ्याने गच्चीस कठडा घालावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. रामबाम यांनी ही आज्ञा जिवास धोका असलेल्या प्रत्येक गोष्टीस लागू केली आहे. आपल्या हाताने मोटार घडविणाऱ्यास ब्रेक हाच कठडा होय.

आपल्या अनेक घरांतील मुले गॅरेजात काम करतात, काही हौसेने जुन्या मोटारी उभ्या करतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे. काम संपल्यावर इंजिन बंद करा, पेडल चारपाच वेळा दाबा, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर कामास लागला असे समजा. नंतर पुन्हा इंजिन बंद करून बूस्टर रिकामा करा, आणि घरातील सर्वांत लहान पायाच्या माणसास चालकाच्या जागी बसवून सौम्य उतारावर ब्रेक लावण्यास सांगा. त्या पायाने मोटार थांबली, तरच ती रस्त्यावर न्या.