अख्ख्या किडनीपासून नुसत्या गाठीपर्यंत

ऑगस्ट १८६९. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सायमन यांनी एका बाईची किडनी काढली. मूत्रवाहिनीला इजा होऊन तिची लघवी सतत गळत होती. एका किडनीवर जगता येतं, याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यांवर करून घेतली होती. बाई बरी झाली आणि किडनीवर सुरी चालवण्याचं धाडस सर्जनांना आलं. १८८७ मध्ये त्याच शहरात व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी तर किडनीतली नुसती गाठ काढून उरलेली किडनी राखली. पण रक्तस्रावाच्या आणि गाठीचा अंश मागे राहण्याच्या धास्तीने ही वाट पुढे फारशी कोणी धरली नाही.

१९६० च्या दशकात टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी किडनीच्या कर्करोगासाठी किडनी, भोवतालची चरबी, वरची अधिवृक्क ग्रंथी, लसिका ग्रंथी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. गाठ वाढून लघवीतून रक्त जायला लागेपर्यंत पत्ताच लागत नसे, तेव्हा ते योग्यच होतं. पुढे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमुळे लहान गाठी सहज सापडू लागल्या. १९९० मध्ये सेंट लुईसला राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून किडनी काढली. जखम लहान झाली, पण किडनी गेली ती गेलीच. लहान गाठीपायी अख्खी किडनी देण्याचा हा शिरस्ता इतका लांबला, याची मला आजही हळहळ वाटते.

गाठ तेवढी काढणं सोपं नाहीच. धमनीला चिमटा लावला की रक्त थांबतं. साधारण पंचवीस-तीस मिनिटांच्या आत निरोगी कडेसह गाठ कापायची, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या शिवायच्या आणि चिमटा सोडायचा. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेचं खरं मोल या शिवणकामात आहे.

काढण्याची घाई इतरत्रही ओसरली. किडनीचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या अनेक रुग्णांत आधी किडनी काढून फायदा होत नाही, असं २०१८ च्या फ्रेंच चाचणीने दाखवलं. वृद्धांच्या लहान गाठींवर कधी नुसती नजर ठेवली जाते, तर कधी त्या गोठवून किंवा जाळून नष्ट करतात.

घरात कोणाला चार सेंटीमीटरच्या आतली गाठ निघाली, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा: किडनी वाचवता येईल का, आणि येणार नसेल तर का नाही?