आगाशिवची लेणी

आगाशिवची लेणी : महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील प्राचीन बौद्ध लेण्यांचा समूह. कराड शहराच्या नैर्ऋत्येस सु. ४ किमी. वर आगाशिव हा डोंगर आहे. माथ्यावरील महादेवाच्या देवळावरून त्यास हे नाव पडले. डोंगराच्या दक्षिणेकडील पायथ्याशी जखिणवाडी हे गाव असल्याने ही लेणी ‘जखिणवाडीची लेणी’ व ‘कराडची लेणी’ ह्या नावांनीही ओळखली जातात. येथे भव्य चैत्यगृह नाही, भित्तिचित्रे नाहीत आणि शिल्पेही अत्यल्प आहेत. त्यामुळे कार्ले किंवा अजिंठा पाहिलेल्या प्रवाशाची प्रथमदर्शनी निराशा होण्याचा संभव असतो. तथापि प्राचीन भिक्षुसंघाचे निवास, अध्ययन आणि उपासना ह्यांची व्यवस्था मूलतः कशी होती, हे समजून घेण्यास ह्या साध्या लेण्यांइतके उपयुक्त साधन कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात दुसरे नाही.

प्राचीन करहाटक : कराड हे कृष्णा व कोयना ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयाच्या वर्णनात करहाटकाचा उल्लेख येतो. ह्याहून अधिक विश्वसनीय पुरावा कोरीव लेखांचा असून, तो कराडला नव्हे, तर कराडपासून दूर सापडतो. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूप इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतला आहे. त्याच्या कठड्यावरील एका लेखात करहकट येथील निगमाने, म्हणजे नगरातील व्यापारी समुदायाने, दिलेल्या दानाची नोंद आहे. त्याच गावच्या काही व्यक्तींनीही तेथील स्तंभांसाठी दान दिल्याचे लेखांवरून दिसते. भारहूत कराडपासून सरळ रेषेत सु. १,००० किमी. दूर आहे. इतक्या दूरच्या स्तूपास दान करू शकणारा धनिक व श्रद्धावान बौद्ध समाज त्या काळी कराड येथे होता, असा ह्याचा अर्थ होतो. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांपैकी एक लेणे करहाकड येथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिले, असा तेथे लेख आहे. कराडहून कोयनेच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरता येते. घाटमाथा आणि समुद्रकिनारा ह्यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवर कराडचे महत्त्व काय होते, हे ह्या एका लेखावरून ध्यानात येते.

लेण्यांची मांडणी : १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये येथील लेणी तीन समूहांत विभागून त्यांचे वर्णन केलेले आहे. जखिणवाडीच्या बाजूस दक्षिण अंगाला २३, त्याच्या पश्चिमेकडील सोंडेच्या आग्नेय अंगाला १९ आणि कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून उत्तर अंगाला विखुरलेली २२, अशी एकूण ६४ लेणी त्यात दिली आहेत. अर्धवट खोदलेल्या व ढासळलेल्या खोल्या धरल्यास ही संख्या वाढते. प्रस्तुत नोंदीतील क्रमांक ह्याच पारंपरिक मोजणीनुसार आहेत.

बहुसंख्य लेणी म्हणजे भिक्षूंच्या निवासाचे विहार होत. पुढे ओसरी, मागे स्तंभविरहित मंडप आणि मंडपाच्या भिंतींत खोदलेल्या लहान खोल्या, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. अनेक खोल्यांत झोपण्यासाठी दगडाचाच ओटा राखलेला आहे. एकेका भिक्षूपुरत्या सुट्या खोल्याही आढळतात. पिण्याच्या पाण्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. प्राचीन लेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटलेले आहे.

उपासनेसाठी खोदलेल्या लेण्यांपैकी ५ क्रमांकाचे चैत्यगृह विशेष उल्लेखनीय आहे. त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार असून छत कमानदार आहे आणि मागे स्तूप आहे. मात्र कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांत मध्यदालन व बाजूच्या वाटा ह्यांना विभागणाऱ्या ज्या स्तंभांच्या रांगा असतात, त्या येथे नाहीत. दर्शनी बाजूस प्रवेशद्वाराच्या दोहों अंगांना अर्धउठावात स्तंभ कोरलेले असून त्यांच्या शिरोभागी चक्र व सिंह ही बौद्ध चिन्हे आहेत. काही लेण्यांत मंडपाच्या मागील भिंतीतील दालनात स्तूप ठेवून निवास व उपासना एकाच छताखाली आणलेली दिसते. मूळ योजनेत बुद्धमूर्तीला स्थान नाही. स्तूप हेच पूजेचे प्रतीक होते.

कोरीव लेख : ४८ क्रमांकाचे लेणे हे उत्तर समूहातील असून, त्यातील त्रुटित लेख हा ह्या संपूर्ण लेणीसमूहाचा एकमेव वाचनीय लेख होय. अन्यत्र दोन लेखांच्या केवळ अस्पष्ट खुणा नोंदविण्यात आल्या आहेत. गोपालाचा पुत्र संघमित्र ह्याने हे लेणे दान दिले, एवढाच ह्या ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखाचा आशय आहे. त्यात राजाचे नाव नाही व वर्षाचा उल्लेखही नाही. तरीही त्याचे मोल मोठे आहे. ६४ लेण्यांमागे जे कारागीर, दाते व भिक्षू होते, त्यांच्यापैकी केवळ एका पितापुत्रांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली, ती ह्या ओळीमुळे. नाशिक, कार्ले, जुन्नर व कान्हेरी येथील लेखांतून दात्यांचे व्यवसाय, गावे, श्रेणी व भिक्षूंचे संप्रदाय कळतात. आगाशिव येथे तसे काहीच हाती लागत नाही. ह्याचे एक कारण खडकाच्या स्वरूपात आहे. डोंगराचा हा कातळ दख्खन पठारावरील ज्वालामुखीजन्य खडकाचा असला, तरी त्याचा पोत भरड व असमान आहे. त्यावर सफाईचे कोरीव काम करणे अवघड होते आणि केलेले टिकणेही कठीण होते.

कालनिर्णय : सर बार्टल फ्रिअर हा १८४७ मध्ये सातारा येथे रेसिडेंट म्हणून आला. ह्या लेण्यांविषयीचे त्याचे टिपण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे ती विद्वानांच्या दृष्टीस आली. त्यानंतर जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस ह्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात त्यांची चर्चा केली. मोठ्या मंडपांत स्तंभ नसणे, खोदकाम लहान असणे आणि खोल्यांत दगडी ओटे असणे ह्यांवरून एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी ही लेणी फार प्राचीन ठरविली. साधेपणा म्हणजे प्राचीनत्व हा निकष पुढील अभ्यासकांना अपुरा वाटला. खडकाचा प्रतिकूल पोत व दात्यांची मर्यादित ऐपत ह्यांमुळेही बांधणी साधी राहू शकते. स्थापत्यप्रकारांच्या तौलनिक अभ्यासावरून येथील बरेचसे खोदकाम इ. स. च्या पहिल्या काही शतकांत, सातवाहन काळात व त्यालगत झाले असावे, असे मानण्याकडे कल आहे. भारहूत येथील लेख ह्याहून जुने आहेत. म्हणजे कराड येथील बौद्ध उपासकवर्ग हा सध्याच्या बहुतेक लेण्यांच्या आधीपासून अस्तित्वात होता.

अध्ययनकेंद्र म्हणून महत्त्व : ‘विद्याकेंद्र’ म्हटले, की नालंदा येथील विटांच्या भव्य महाविहारांची व ग्रंथालयांची कल्पना मनात येते. नालंद्याची भरभराट इ. स. पाचव्या शतकापासून पुढील काळातली आहे. आगाशिवच्या लेण्यांना ती कल्पना लावणे योग्य ठरणार नाही. नालंद्यासारखी येथे देशोदेशींचे विद्यार्थी येत असल्याचा पुरावा नाही. येथील अध्ययन त्याहून प्राथमिक, परंतु त्याहून मूलभूत स्वरूपाचे होते.

विनयाच्या नियमांनुसार नवदीक्षित भिक्षूने किमान पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहून शिक्षण घ्यावे लागे. शिष्यास ‘अंतेवासी’, म्हणजे जवळ राहणारा, म्हणत ते ह्यामुळेच. दर पंधरवड्यास सर्व भिक्षूंनी एकत्र जमून प्रातिमोक्षाचे पठण करावयाचे आणि पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी वास्तव्य करावयाचे, असाही दंडक होता. बुद्धवचन दीर्घकाळ मौखिक परंपरेने जतन झाले. श्रीलंकेत पाली त्रिपिटक लेखनबद्ध झाले, ते परंपरेनुसार इ. स. पू. पहिल्या शतकात. पाठांतर करून वचने म्हणणाऱ्या भिक्षूंना ‘भाणक’ ही संज्ञा होती. कार्ले येथील एका लेखात अशा भाणकाचे नाव येते. भारहूतच्या ज्या स्तूपास कराडच्या नागरिकांनी दान दिले, त्याच स्तूपाच्या दात्यांत पिटकाचा जाणकार, अर्थात ‘पेटकी’, म्हणवणारा भिक्षूही आहे.

ह्या पार्श्वभूमीवर आगाशिवचे विहार पाहिले, म्हणजे त्यांची रचना बोलकी होते. एकास पुरेल एवढी खोली ही मनन व पाठांतर ह्यांसाठी, मधला मोकळा मंडप सामूहिक पठणासाठी, शेजारचा स्तूप वंदनेसाठी आणि टाके वर्षभराच्या पाण्यासाठी. हे स्थान नगरापासून भिक्षाटनास जाऊन परत येता येईल इतके जवळ आणि बाजारपेठेचा गलबला पोहोचणार नाही इतके दूर आहे. ग्रंथ नसलेल्या काळातील पाठशाळेस ह्याहून अधिक साधनांची आवश्यकता नव्हती.

उत्तरकाल : पुढील काळात कराड हे राजकीय व धार्मिक दृष्ट्या महत्त्वाचे राहिले, आश्रयाची दिशा मात्र बदलली. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण ह्याच्या ९५९ मधील कऱ्हाड ताम्रपटात गगनशिव ह्या शैव आचार्यास गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. तपस्व्यांचा योगक्षेम हा ह्या दानाचा हेतू होता. मध्ययुगीन लेखांत ‘करहाट ४०००’ ह्या प्रादेशिक विभागाचे नाव येते. सांगली जिल्ह्यातील मिरजेभोवतीचा ‘मिरिंज ३०००’ हा विभाग त्याचा शेजारी होता. शिलाहारांच्या एका शाखेची सत्ताही कराड येथे होती. आगाशिवच्या माथ्यावरील शिवालय व दक्षिण समूहातील एका लेण्यातील विठ्ठलमूर्ती ही ह्याच स्थित्यंताची चिन्हे होत. अशीच स्थिती जिल्ह्यात अन्यत्रही दिसते. वाईच्या उत्तरेस लोहारे येथील लेण्यातील स्तूप पालपेश्वर ह्या नावाने शिवलिंग म्हणून पूजिला जातो. शिरवळजवळही साध्या विहारांचा एक समूह आहे. सातारा जिल्ह्यातील ही तिन्ही स्थळे एकत्रितपणे पाहिल्यास नीरा व कृष्णा ह्यांच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या जुन्या मार्गांवरील विहारांची मालिका डोळ्यांसमोर येते.

दर्शन व जतन : पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग डोंगराच्या पूर्वेकडून जातो. सांगलीहून पेठमार्गे ह्याच महामार्गाने कराडला येता येते. दक्षिण समूह जखिणवाडीच्या बाजूने चढून पाहणे सोईचे असून उत्तर समूहासाठी स्वतंत्र वेळ राखावा. पावसाळ्यानंतरचे व थंडीचे महिने योग्य होत. प्रथम एखादा विहार पाहून खोल्या, ओटे व टाकी ह्यांचा परस्परसंबंध ध्यानात घ्यावा आणि नंतर ५ क्रमांकाचे चैत्यगृह पाहावे. अशा क्रमाने लेण्यांची योजना सहज उलगडते. झिजलेली अक्षरे व उथळ कोरीव काम तिरप्या उजेडात अधिक स्पष्ट दिसते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये. त्यामुळे कडा झिजतात आणि पुढील वाचकाला मूळ रेघ व भरलेली रेघ ह्यांतील भेद कळत नाही.

भरड कातळात मुरणारे पाणी, भेगांतील झाडांची मुळे व ढासळणाऱ्या ओसऱ्या ही ऱ्हासाची नैसर्गिक कारणे आहेत. नावे कोरणे व चुली पेटविणे ही मानवी कारणे त्यांत भर घालतात. मूर्ती व चित्रे असलेल्या लेण्यांची हानी लगेच नजरेस येते. साध्या भिंतीची, ओट्याची किंवा टाक्याची झीज कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु आगाशिवचा इतिहास लेखांत फारसा नसून ह्याच भिंती, ओटे व टाकी ह्यांत साठलेला आहे. प्रत्येक खोलीची मोजणी, आराखडे व छायाचित्रे ह्यांची संपूर्ण नोंद म्हणूनच येथे विशेष आवश्यक ठरते.