मनगटावरचे घड्याळ आणि दंडावरचा पट्टा

बुद्धविहारात भरलेल्या एका आरोग्य शिबिरातली गोष्ट. रांगेत साठी ओलांडलेल्या एक आजी होत्या. सिस्टरांनी विचारले, "आजी, बीपीची गोळी चालू आहे ना?" आजींनी हात पुढे करून नवे घड्याळ दाखवले. "नातवानं दिलंय. रोज बघते. एकशेवीस-ऐंशीच्या वर जातच नाही. म्हणून दोन महिने झाले, गोळी बंद केली."

सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला 172/104. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले, तर 168/100. त्याच वेळी घड्याळ दाखवत होते 122/81.

आजी शिबिराला आल्या म्हणून त्यांची गोळी पुन्हा सुरू झाली. नातवाने घड्याळ प्रेमाने दिले होते, आजी ते रोज न चुकता बघत होत्या. चूक एवढीच की, जे घड्याळाला मोजता येत नाही ते त्याला विचारले गेले. आज वस्तीत अनेक तरुणांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनगटावर अशी घड्याळे दिसतात. त्यांचा फायदा आहे, पण तो कोणता हे समजून घेतले पाहिजे.

घड्याळ मोजते कसे?

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. त्याचा प्रकाश कातडीतून आत जातो आणि रक्त तो शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातले रक्त क्षणभर वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. हे चढउतार मोजून घड्याळ नाडी सांगते. चालणे आणि झोप ते हाताच्या हालचालीवरून ओळखते. नाडी आणि हालचाल या दोन गोष्टी घड्याळ खरोखर टिपते. बाकीचे बरेच आकडे त्यावरून काढलेले अंदाज असतात.

खरा फायदा कशात?

दवाखान्यात नाडी एकदाच मोजली जाते. घड्याळ ती दिवसरात्र बघते, म्हणून बदल लक्षात येतो. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते. तुमची नेहमी 72 असेल आणि सलग आठ दिवस 90 च्या वर राहिली, तर ताप, अंगात रक्त कमी असणे, थायरॉईड किंवा अपुरी झोप यांपैकी काहीही कारण असू शकते. डॉक्टरांना दाखवण्यासाठी एवढी खूण पुरेशी आहे.

दुसरा फायदा अनियमित ठोक्यांचा. काहींच्या हृदयाचे वरचे कप्पे मधूनमधून नुसते थरथरतात. त्यामुळे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली तर लकवा मारतो. माणसाला हे अनेकदा जाणवतही नाही. अमेरिकेत 4 लाखांहून जास्त लोकांवर अशा घड्याळाचा अभ्यास झाला, तो 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना घड्याळाने इशारा दिला. इशारा मिळाल्यावर ज्यांनी छातीला ईसीजीची पट्टी लावून तपासणी केली, त्यांच्यापैकी 34 टक्के लोकांत हा दोष त्या तपासणीत सापडला. म्हणून इशारा आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.

घड्याळ काय सांगू शकत नाही?

रक्तदाब: दंडाला हवेचा पट्टा आवळून मोजलेला रक्तदाबच भरवशाचा. पट्टा नसलेल्या स्वस्त घड्याळाच्या आकड्यावर गोळी सुरू, बंद किंवा कमी करू नका.

साखर: सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये त्या वापरू नका, असा जाहीर इशारा दिला. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो. दंडावर चिकटवायचा सेन्सर मात्र वेगळा. त्याची बारीक तार कातडीखाली जाते आणि तो साधारण दोन आठवडे साखर सांगत राहतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, पण दर वेळी काही हजार रुपये लागतात. डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यावा. एरवी बोटातून थेंबभर रक्त काढून मोजणारे यंत्र पुरते.

हार्ट अटॅक: छातीत दाब किंवा कळ, दरदरून घाम, दम लागणे, हात-जबड्यात दुखणे असे झाले तर घड्याळ बघत बसू नका. ताबडतोब 108 ला फोन करा.

काळी कातडी, गोंदण आणि यंत्र

कोरोनात आपण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाहिला. तोही प्रकाशावरच चालतो. 2020 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र 92 ते 96 दाखवत होते, पण प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन 88 च्या खाली होता, असे काळ्या रुग्णांत शंभरात सुमारे 12 वेळा आणि गोऱ्या रुग्णांत सुमारे 4 वेळा आढळले. म्हणजे यंत्राची चूक काळ्या माणसाच्या वाट्याला तिप्पट आली. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठावा. आपल्या आजी-मावश्यांच्या मनगटावर गोंदण असते. तेही प्रकाश अडवते. घड्याळ गोंदण नसलेल्या हाताला बांधावे.

घरात काय करावे?

पैसे थोडे असतील तर घड्याळाआधी दंडाचे बीपी यंत्र घ्या. ते दीड-दोन हजारांच्या आसपास मिळते. पाच-सहा घरांनी किंवा महिला मंडळाने मिळून विहारात एक ठेवले तरी चालेल. मोजताना एवढे पाळा:

1. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन या.
2. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा.
3. पट्टा उघड्या दंडाला बांधा. हात छातीच्या उंचीवर टेकवा. बोलू नका.
4. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत तारखेसह लिहा.

घरच्या मोजणीची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत डोकेदुखी, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे असे काही असेल तर तडक रुग्णालयात जा. तीस वर्षांवरील सर्वांची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आपल्या वस्तीच्या आशाताईंना विचारा.

आकडा कोणाच्या हातात?

नागपूर, चंदीगड, पंचकुला येथे सफाई कामगारांच्या हाताला जीपीएसची घड्याळे बांधली गेली. कामगार कुठे आहे हे साहेबाला कळावे म्हणून. चंदीगड-पंचकुलाच्या कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या घड्याळाने कामगाराची जागा मोजली, त्याचा दम आणि नाडी मोजली नाही. म्हणून मालक किंवा विमा कंपनी तुमच्या घड्याळातली माहिती मागू लागली, तर कशासाठी, हे विचारा. शरीर आपले, आकडाही आपला.

बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाबाचा त्रास होता. रात्र रात्र जागून ते लिहीत राहिले. 6 डिसेंबर 1956 ला वयाच्या 65 व्या वर्षी ते आपल्यातून गेले. घरबसल्या थेंबभर रक्तात साखर दाखवणारे यंत्र त्यांच्या काळात नव्हते. आज ते आपल्या आवाक्यात आहे. ते असूनही आपण गाफील राहिलो तर दोष कोणाला देणार?

वंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि स्वतः पाहा. यंत्रालाही तेच लागू करा. येत्या रविवारी विहारात येताना घड्याळ आणि गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. दंडाच्या यंत्राने मोजा, घड्याळाचा आकडा शेजारी लिहा. मग कोणावर विसंबायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल. आणि तोवर गोळी बंद करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!