शाळेची वार्ता आणि गुरुजनांचा गौरव

प्रत्येक शाळेच्या वार्षिक अंकांत दोन मजकूर हटकून असतात. एक वर्षभराच्या घडामोडींचा वृत्तान्त, व दुसरा शिक्षकवर्गाच्या आभारांचा. पहिला बहुधा तारखांनीं भरलेला असतो आणि दुसरा विशेषणांनीं. वाचक पहिल्यावरून नजर फिरवितो व दुसरा वाचल्यासारखा करितो. वस्तुतः हे दोन मजकूर एकच होत; ते एकमेकांपासून तुटले म्हणूनच दोन्ही निर्जीव झाले. शिक्षकांनीं काय केलें ही शाळेची खरी वार्ता, आणि ती वार्ता नीट जाणून घेणें हाच शिक्षकांचा खरा गौरव. हें विधान आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणानें स्पष्ट करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या इकडील शाळांची व्यवस्था कशी आहे तें पाहूं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत, व आपलें चिंचपाडा नवापूर तालुक्यांत, उधना-जळगांव लोहमार्गावर आहे. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती, आणि तींतील शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४ च्या किंचित् वर होतें. सबंध महाराष्ट्राचें प्रमाण त्या वेळीं शेंकडा ८२ होतें, व राज्यांतील सर्व जिल्ह्यांत आपला जिल्हा शेवटचा होता. हा आंकडा मान खालीं घालण्यासाठीं येथें दिलेला नाहीं. ज्या जिल्ह्यांत कित्येक घरांतील पहिलें अक्षर शाळेंतच गिरविलें जातें, तेथें शिक्षकाच्या कामाचें मोल काय, हें त्यावरून कळावें म्हणून दिला आहे.

आपल्या जिल्ह्यांतील मुलांना शाळेचीं दारें मुख्यत्वेंकरून तीन आहेत. पहिलें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचें. जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्यान्वयें १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. तत्पूर्वीं मुंबई इलाख्यांत हें काम जिल्हा स्कूल बोर्डांकडे असे. आज जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जवळजवळच्या शाळांच्या समूहाला केंद्रप्रमुख, अशी देखरेखीची सांखळी आहे. दुसरें दार आश्रमशाळांचें. या शाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारींत असून तेथें मुलें राहतात, जेवतात व शिकतात. नंदुरबार व तळोदा येथें त्या विभागाचीं प्रकल्प कार्यालयें आहेत. तिसरें दार खासगी संस्थांच्या हायस्कुलांचें, ज्यांत मिशनच्या शाळाही येतात. अधिकारी निराळे, कागद निराळे. परंतु सकाळीं फळ्यासमोर जो मनुष्य उभा राहतो त्याचें काम तिन्ही ठिकाणीं सारखेंच आहे.

तें काम बाहेरून दिसतें तेवढें सोपें नाहीं. पहिली अडचण भाषेची. नवापूर भागांतील कित्येक मुलें घरीं मावची किंवा कोकणी बोलतात. सातपुड्याकडील मुलें भिली किंवा पावरी बोलतात. पुस्तक मात्र मराठींत असतें. सहा वर्षांचें मूल वर्गांत गप्प बसलें म्हणजे त्यास बुद्धि नाहीं असें नव्हे. त्यास शब्द मिळालेला नसतो. अशा वेळीं जो शिक्षक मुलाच्या बोलींतील दहा शब्द शिकून घेतो, त्यानें त्या मुलासाठीं पहिल्याच महिन्यांत पूल बांधला असें समजावें.

दुसरी अडचण संख्येची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावयाचे असतात. पाड्यावरच्या लहान शाळेंत इयत्ता चार आणि शिक्षक दोन, अशी स्थिति त्यामुळें साहजिकच असते. मग एका वर्गास पाढे लिहावयास लावून दुसऱ्यास धडा समजावून सांगावा, आणि तेवढ्यांत पहिल्या वर्गांतील भांडण मिटवावें, असें चालतें. एका चुलीवर दोन भांडीं आलटून पालटून ठेवणारी गृहिणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस याची कल्पना सहज येईल.

तिसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत व इतरत्र जातात. मुलें त्यांच्याबरोबर गेलीं म्हणजे वर्गांतील जागा ओस पडतात. अशा मुलांसाठीं शासनानें हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. जें मूल जातेंच, त्याच्याजवळ शिक्षणहमी पत्रक द्यावें, म्हणजे नव्या गांवच्या शाळेंत त्यास बसतां येईल, अशीही तजवीज आहे. परंतु पत्रक आपण होऊन मुलाच्या हातीं जात नाहीं. मुकादम कोणत्या दिवशीं गाडी आणणार आहे हें विचारीत कोणी तरी दारोदार हिंडावें लागतें. आणि तें हिंडणारे बहुधा गुरुजी किंवा बाईच असतात.

याशिवाय हजेरीपट, पाठ्यपुस्तकांचें वाटप, मध्यान्ह भोजनाचा हिशेब हीं कामें आहेतच. कायद्यानें शिक्षकांना शाळाबाह्य कामांस लावण्यास बंदी केली आहे, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हे तीन अपवाद त्यांतच ठेविले आहेत. मतदानाच्या आदल्या दिवशीं पेट्या घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांत तुमच्या वर्गशिक्षिकाही असूं शकतात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां गौरवाकडे वळूं. आपल्या देशांत शिक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्कारांस १९५८ सालीं आरंभ झाला. १९६२ सालीं डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् राष्ट्रपति झाले, आणि त्या वर्षापासून त्यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊं लागला. जगांत ५ ऑक्टोबर हा दिवस १९९४ पासून याच कारणासाठीं पाळतात. १९६६ सालीं त्या तारखेस शिक्षकांच्या दर्जाविषयींची आंतरराष्ट्रीय शिफारस मान्य झाली होती. त्या शिफारशींत शिक्षकांचें वेतन, प्रशिक्षण व कामाची परिस्थिति यांचा विचार आहे. म्हणजे स्तुति ही वेतनाच्या किंवा सोयीच्या ऐवजीं द्यावयाची वस्तु नव्हे, हें त्या दिवसाच्या मुळाशींच आहे.

परंतु आपल्या महाराष्ट्रांतील गौरवाची कथा याहून जुनी आहे. सिंथिया फरार नांवाच्या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें मुलींच्या शाळा चालवूं लागल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस स्फूर्ति झाली, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिडेवाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई त्या शाळेंत शिकवूं लागल्या. १८५२ च्या नोव्हेंबरांत सरकारी विद्याखात्यातर्फे विश्रामबागवाड्यांत जोतीरावांस शालजोडी देऊन त्यांचा सत्कार करण्यांत आला. त्याच शहरांत, त्याच काळांत, शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल व शेण फेंकलें जात होतें.

या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. वाड्यांत शाल मिळाली आणि रस्त्यावर चिखल मिळाला. शाल एकदां मिळते. रस्ता मात्र रोज चालावा लागतो. शाल देणें सरकारच्या हातीं होतें. रस्ता स्वच्छ ठेवणें लोकांच्या हातीं होतें, आणि लोकांनीं तें केलें नाहीं. आज महाराष्ट्र राज्याच्या शिक्षक पुरस्कारास सावित्रीबाईंचें नांव आहे, हें योग्यच झालें. पण तें नांव आपणांस सत्कारसमारंभापेक्षां शाळेच्या वाटेचीच आठवण करून देवो. शिक्षकाशीं गांव रोज कसें वागतें, यावरच खरा गौरव ठरतो.

अलीकडचें एक उदाहरण घ्या. ३ डिसेंबर २०२० रोजीं सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस ग्लोबल टीचर प्राइझ हें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक जाहीर झालें. हें पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. वर्तमानपत्रांनीं रकमेचा आंकडा मोठ्या अक्षरांत छापला. परंतु आपल्या जिल्ह्यास उपयोगी बातमी निराळी होती. त्या शाळेंतील मुलांची घरची भाषा कन्नड होती. गुरुजींनीं ती शिकून घेतली, आणि पुस्तकांत क्यूआर संकेत छापून मुलांस धडे ऐकतां व पाहतां येतील अशी सोय केली. मावची बोलणाऱ्या मुलाच्या पालकांस डॉलरांपेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची वाटावयास पाहिजे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, शिक्षकांविषयीं लिहितांना विशेषणें कमी करावींत आणि वार्ता वाढवावी. “आमचे गुरुजी प्रेमळ व कर्तव्यदक्ष आहेत” हें वाक्य जगांतील कोणत्याही गुरुजींस लागू पडतें, म्हणून तें कोणाचेंच नव्हे. “अपूर्णांक मला कळेनात, तेव्हां गुरुजींनीं भाकरीचे तुकडे करून दाखविले” हें वाक्य एकाच गुरुजींचें आहे. खानदेशांतच याचा एक धडा घालून दिलेला आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील वसतिगृहाची व्यवस्था पाहात असत. मुलांसाठीं ते स्वतः ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक हातानें लिहून काढीत. वसतिगृहासारख्या लहान जागेंतही रोज लिहिण्याजोगें कांहीं घडतें, हें त्यांस दिसत होतें.

वार्ता लिहूं लागलें म्हणजे आणखी एक लाभ होतो. आजवर न दिसलेलीं माणसें दिसूं लागतात. घंटा देणारा शिपाई, पहाटे वर्ग झाडणारी बाई, मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या स्वयंपाकीण ताई, वसतिगृहाचे चौकीदार, कचेरींतील लिपिक, यांच्यावांचून शाळा एक दिवसही चालणार नाहीं. २०२० सालच्या साथींत आपल्याच जिल्ह्यांत, नर्मदेच्या कांठीं, अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनीं स्वतः नाव वल्हवीत दूरच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत व गर्भवती मातांपर्यंत आहार पोंचविला. नदीपलीकडील मुलें अंगणवाडीपर्यंत येईनात, म्हणून अंगणवाडीच त्यांच्याकडे गेली. ही बातमी देशभर पोंचली हें खरें. पण तशाच जातीचें काम करणारीं माणसें आपल्या आवारांतही आहेत, आणि त्यांची बातमी आपण नाहीं दिली तर कोणीच देणार नाहीं.

आतां पालकवर्गास दोन शब्द. शिक्षणहक्क कायद्यानें जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें आहे. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्या लागतात. आमच्यासारख्या हायस्कुलांत पालक-शिक्षक संघ असतो. या सभांस जाणें, हिशेब विचारणें, गळक्या छपराविषयीं बोलणें, यास कोणी भांडण म्हणूं नये. जो पालक प्रश्न विचारतो तो शाळेस आपली मानतो. केवळ तक्रारीपुरतें शाळेंत यावयाचें नसेल तर एवढें करावें: मुलाच्या वहींत एखादी गोष्ट चांगली दिसली, तर तिचेंही नांव घेऊन शिक्षकास सांगावें.

यांत गांवाचें हित किती आहे, तें शेवटीं सांगतों. बदलीच्या नियमांत राज्यांतील दुर्गम शाळांस ‘अवघड क्षेत्र’ म्हणतात. अशा ठिकाणीं सलग तीन वर्षें सेवा झाली म्हणजे शिक्षकास बदली मागण्याचा हक्क प्राप्त होतो. म्हातारे आईबाप, स्वतःच्या मुलांचें शिक्षण, प्रकृति, अशीं रास्त कारणें पुष्कळांस असतात, व जो जातो त्यास दोष देणें न्याय्य नाहीं. परंतु तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज समोर घेऊन बसलेला मनुष्य कारणांची दोन्ही पारडीं तोलीत असतो. एका पारड्यांत घर असतें. दुसऱ्यांत आपण काय टाकतों? आपलें काम येथें कोणास दिसलें, आपण शिकविलेला शब्द कोणाच्या घरांत बोलला गेला, आपण आजारी असतां कोणी विचारपूस केली, एवढेंच. तें पारडें रिकामें राहूं नये, हें आपल्या हातीं आहे. शिक्षक टिकला तर मुलाची भाषा ओळखणारा मनुष्य टिकला. आणि तो टिकला तर जनगणनेचा पुढचा आंकडा आपोआप वर सरकेल.

तेव्हां या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या एका शिक्षकाची किंवा सेवकाची एकच खरी गोष्ट पांच ओळींत लिहावी, ती घरीं वाचून दाखवावी, आणि ज्यांची ती गोष्ट त्यांस आईबापांनीं भेटून सांगावी. पुढील वार्षिकाचा वृत्तान्त त्याच पांच-पांच ओळींतून तयार होईल.